कामी आले

१४ ऑक्टोबर २००३, जुन्नर

सांगून टाकलं एकदाचं. बत्तीस वर्षं कुणाला धड न सांगितलेली गोष्ट आज शाळेत एका परक्या बाईला दोन कप चहात सांगून मोकळी झाले! इंद्रायणी नाव. पुण्याची. सिनेमा करतेय – लढाईचा, पण लढाई न दाखवता. बाप सीमेवर, घरी एक लहान मुलगी, आणि तिला जेवढं कळतं तेवढंच पडद्यावर. तिला आमच्या शाळेतल्या मुली बघायच्या होत्या. मी मुली दाखवल्या आणि वर स्वतःची गोष्टच देऊन बसले.

डिसेंबर एकाहत्तर. मी सहा वर्षांची. दादा, म्हणजे माझे वडील, फौजेत. शिनोलीला खळ्यावर आम्ही भात झोडत होतो – आई, साळुबाई आत्या, आणि मी मधेमधे. घोडेगावचे फतेचंद शेट सायकलवरून आले. तार इंग्रजीत आलेली, ती पोस्टमननं त्यांच्याकडून वाचून घेतली आणि शेट म्हणाले, ही मीच घेऊन जातो. आईसमोर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, "बाई, गेणभाऊ देशाच्या कामी आले."

मला काय कळणार? आमच्याकडं बैल कामी येतो, छत्री कामी येते, फाटकं पोतंसुद्धा कामी येतं. दादा कामी आले म्हणजे देशाचं काहीतरी अडलं होतं आणि ते आमच्या दादांनी केलं. मी पळत सुटले. दारोदार सांगितलं, "आमचं दादा कामी आलं!" शेवटी मास्तरांच्या दारात गेले. त्यांनी मला उचलून घेतलं आणि तेच रडायला लागले.

इंद्रायणी लिहायची थांबली. "हाच सिनेमा," म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की घरी येईपर्यंत रस्ता कळला नाही.

आईला मात्र विचारलेलं नाही.


१६ ऑक्टोबर

ज्ञानेश्वर म्हणतो, "विचार की मग. तुझीच आई ना?" नवऱ्याला सगळं सोपं वाटतं.

त्या दिवसाबद्दल आई माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. एक शब्द! गावानं मात्र मला नाव ठेवलं – कामी. शाळेतल्या हजेरीत रत्ना, बाकी सगळीकडं कामी. आजही शिनोलीत एसटीतून उतरले की पारावरून कुणीतरी म्हणतंच, "कामी आली." आणि खी खी हसायचं. आता त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते आईचं. नवरा गेल्याचं तिच्या कानावर पडतंय न पडतंय तोवर तिची पोर गावभर आनंदानं ओरडत फिरली. मागं खळ्यावर ती काय करत होती, कशी बसली, कोणी धरलं – मला काहीच माहीत नाही. मी तिथं नव्हतेच.

तिनं मला माफ केलेलं नाही असं मी धरून चालते. तिनं हा सिनेमा माझ्याशेजारी बसून बघावा. मला दुसरं काही नको.


१९ ऑक्टोबर

दिवाळीचं सामान घेऊन शिनोलीला. तेल, रवा, साखर. गूळ नेत नाही – आईच्या घरात गुळाचा खडा नसतो. पुरणसुद्धा साखरेचं. साखरेचा आजार वगैरे काही नाही. विचारलं की "न्हाई आवडत" म्हणते आणि विषय संपतो.

सिनेमाचं सांगितलं. तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मान वर न करता म्हणाली, "दाव काय दावायचं ते. मला इचारू नगं."

याला होकार म्हणायचं का? मी होकार धरला.


१८ नोव्हेंबर

भागू निवडली गेली! माझ्या दुसरीच्या वर्गातली, मूळची आणे गावची, बापाबरोबर जुन्नरला आलेली. केसाला तेल जास्त आणि आवाज त्याहून जास्त.

इंद्रायणीनं आधी पुण्याहून आणलेल्या दोन मुलींकडून ते वाक्य म्हणवून घेतलं. दोघींनी चेहरा पाडून म्हटलं. त्यांना कुणीतरी अर्थ सांगून ठेवला होता ना! मी म्हटलं, थांबा. भागूला बाहेर नेलं. विचारलं, "तुझा बाप काय करतो?" "ट्रॅक्टर चालवतो." "मग आज सगळ्या गावाचे ट्रॅक्टर बंद पडले, फक्त तुझ्या बापाचा चालू झाला. जा, आत जाऊन सांग – आमचं दादा कामी आलं."

आत जाऊन असं सांगितलं पोरीनं की हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा वर्षांच्या नोकरीत कधी वाटला नव्हता एवढा अभिमान वाटला. तिचा आणि खरं सांगायचं तर माझापण.


४ डिसेंबर, शिनोली

शूटिंग. रजा टाकून आलेय. युनिटनं एका घराच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले. का? तर लढाईत ब्लॅकआउट असतो. मी म्हटलं, "ताई, तेव्हा या गावात वीजच नव्हती. चिमणी फुंकली की झाला ब्लॅकआउट." इंद्रायणी हसत सुटली. कागद काढले. आता प्रत्येक गोष्ट मला विचारूनच होते. भोंगा नव्हता, रेडिओ एकच, तो शेटच्या दुकानात. लढाई म्हणजे भीमाशंकरच्या पलीकडचं एखादं गाव असावं आणि दादा तिथं चालत गेलेत, असं मला वाटायचं – हे सांगितलं तर लगेच वहीत लिहून घेतलं. भागूला मी रोज त्या डोंगराकडं बघायला लावते.

आईचं काम करणारी नटी पुण्याची. भात झोडायला मी शिकवलं. थोड्या वेळात हात सोलवटले, पण बाई थांबली नाही. मानलं तिला.

आमचं घर खळ्यापासून हाकेच्या अंतरावर. आई दारात आली नाही.


७ डिसेंबर

भागूनं एका दमात केलं. सगळी गल्ली, सगळी दारं, ते वाक्य. लाइटवाला डोळे पुसत होता. मी नाही रडले. ताठ उभी होते.


८ डिसेंबर

आज खळ्यावरचा प्रसंग. इंद्रायणीनं विचारलं, "तुम्ही पळालात, मग आई काय करते?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मग मी लिहिते." शेट बोलतात, मुलगी पळते, आई पेंढ्यावर कोसळते. नटी काय रडली! बघणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या.

असंच झालं असणार. दुसरं काय होणार?


३ सप्टेंबर २००४, जुन्नर

इंद्रायणीचा फोन. पुण्यात दाखवला, लोक उठून उभे राहिले. सुरुवातीला पाटी आहे म्हणे – 'गेणभाऊंसाठी'. फोन ठेवला आणि भाजी करपली.

ज्ञानेश्वर करपलेली भाजी खाताना म्हणाला, "मोठी माणसं आता आमच्याशी बोलणार का?" मी म्हटलं, अर्ज करा, बघू.


१२ डिसेंबर, शिनोली

सिनेमा गावात आला! शाळेच्या हॉलमध्ये, भर दुपारी. अंधार हवा म्हणून खिडक्यांना घोंगड्या टांगल्या. तेहतीस वर्षांनी झाला एकदाचा शिनोलीत ब्लॅकआउट. भागू नव्या फ्रॉकमध्ये आणि सगळ्या गावाची लाडकी.

आई येणार नाही असंच धरलं होतं. पण आली. इरकली लुगडं नेसून, पहिल्या रांगेत, माझ्याशेजारी. दादांच्या नावाची पाटी आली तेव्हा मी ती तिला वाचून दाखवली. तिनं नमस्कार केला. तिच्याबरोबर मीही हात जोडले.

मग खळं आलं. शेटनं टोपी काढली, भागू पळाली, नटी कोसळली, रडायला लागली. आणि आई मोठ्यानं म्हणाली, "आसं न्हाई झालं."

मागून कुणीतरी 'शू' केलं, म्हणजे माझ्या आईलाच. ती उठली. मी मागोमाग बाहेर गेले. मी म्हटलं, आई, काय चुकलं? ती म्हणाली, "गूळ न्हाई दावला."

"कसला गूळ?"

ती पाठ फिरवून चालायला लागली. मी आत गेले नाही आणि तिच्यामागंही गेले नाही. हॉलच्या पायरीवर बसून राहिले. आत टाळ्या पडल्या त्या बाहेरून ऐकल्या.


१३ डिसेंबर

चिडलेय. तिच्यावर, माझ्यावर, त्या कोसळणाऱ्या नटीवर.


१९ डिसेंबर

सकाळच्या एसटीनं शिनोली. उतरले तर आई स्टँडवर उभी. ती कधी घ्यायला येत नाही. पारावरून भिकातात्या नेहमीप्रमाणं म्हणाला, "कामी आली."

आई त्याच्याकडं वळली. "भिका, ती न्हाई. कामी मी."

पारावर सातआठ माणसं होती. त्या सगळ्यांसमोर उभी राहून बोलली. "शेट म्हनला, मालक कामी आलं. मलाबी त्याचा अर्थ ठावा नव्हता. मला वाटलं, त्यांनी मोठं काम केलं. मी घरातून गूळ आनला. साळुबाईला दिला, शेटला दिला. शेटनं हातात घेतला. तोंडात घातला न्हाई, टाकलाबी न्हाई, मुठीत धरून सायकल ढकलत गेला. मरस्तवर कुनाला बोलला न्हाई. साळुबाईबी न्हाई. नवरा गेल्याचा गूळ वाटला मी. मला लाज वाटायची. तुमी हिला हसत व्हता, अन् मी हसू दिलं."

भिकातात्या पारावरून खाली उतरला.

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अन् तू काय आपली आपन पळाली न्हाईस, रत्ना. मीच म्हनले तुला. जा, समद्यास्नी सांगून ये."

मला आठवत नव्हतं.