सरळ अर्थाची वाक्यं

४ मार्च, सोमवार

आज अप्पांना म्हटलं, "चला, गॅलरीत जरा पाय मोकळे करू." त्यांनी पांघरूण बाजूला केलं, स्वतःचे पाय नीट पाहिले आणि म्हणाले, "बांधलेले नाहीत."

मी हसले. मग हसू थांबेना. स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि हसले. वडिलांना झटका येऊन सहा आठवडे झालेत आणि मुलगी नळ सोडून हसतेय!

स्पीच थेरपिस्टने समजावलं होतं. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला, म्हणून डावा हात लुळा. डावीकडच्या गोष्टींकडे लक्षही जात नाही, ताटात डावीकडचं तसंच राहतं. बोलणं शाबूत, व्याकरण शाबूत. फक्त शब्दांमागचा अर्थ हाती लागत नाही. थट्टा नाही, टोमणा नाही. "ताई, घरात सरळ बोला," ती म्हणाली.

सरळ! आज दिवसभर स्वतःवर पाळत ठेवली. सकाळी माझा डोळा लागला होता, दुपारी पोटात कावळे ओरडत होते, आणि अप्पांजवळ बसायला येणाऱ्या शेजारच्या मावशींनी फोनवर सुनेचे कान टोचले. आपण सरळ बोलतो कधी?

७ मार्च, गुरुवार

थेरपिस्टने घरचा अभ्यास दिला. अप्पांनी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तर त्याच वाटेने जाऊ म्हणाली. रोज दहा इंग्रजी वाक्यं, काही साधी, काही अलंकारिक. त्यांनी ओळखायचं आणि अर्थ सांगायचा. हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे. आत्ता सराव सुटला तर गेलेलं परत येणं अवघड.

या माझ्या वहीच्या जोडीची एक वही पडून होती, तसाच तपकिरी पुठ्ठा. ती त्यांना दिली. त्यांनी लाल पेन मागितलं. विद्यार्थी कोण आणि मास्तर कोण, हे त्यांचं आधीच ठरलेलं!

पहिलं वाक्य दिलं— 'द क्लासरूम वॉज अ झू.' वर्ग म्हणजे प्राणिसंग्रहालय. आधी विचारलं, मेटॅफर, आपलं रूपक, म्हणजे काय? व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. मग वाक्य वाचलं. बराच विचार केला. म्हणाले, "शाळेत प्राणी ठेवणं योग्य नाही. लहान मुलं असतात."

वाक्यात 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' असलं की सिमिली, म्हणजे उपमा, हे मात्र अचूक पकडतात. शब्द डोळ्यांना दिसतो ना. अर्थ विचारला की पुढचं वाक्य वाचायला लागतात.

दहापैकी चार. त्यांच्याच लाल पेनने मी चार लिहिले. लिहिताना बरं वाटलं. का बरं वाटलं ते लिहीत नाही.

८ मार्च, शुक्रवार

लिहिते. इथे कोण बघायला येणार आहे!

आठवीत मी अप्पांच्याच वर्गात होते. वर्गात त्यांना 'सर' म्हणायचं, घरी फारसं बोलायचंच नाही. एकदा फळ्यावर वाक्य होतं, 'हिज वर्ड्स वर नाइव्ज.' त्याचे शब्द सुऱ्या होते. मला उठवलं, अर्थ सांग म्हणाले. मी विचारलं, "सर, रक्त आलं का?" खरंच कळलं नव्हतं मला. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. अप्पा म्हणाले, "डोकं आहे की दगड?"

त्यांनी मला उभं केलं. घंटा झाली, ते निघून गेले. 'खाली बस' म्हणायचं राहून गेलं. भूगोलाच्या बाईंनी विचारलं, तू का उभी? मी म्हटलं, सरांनी बसायला सांगितलं नाही. तो तासही उभ्यानेच गेला. शाळा सुटेपर्यंत मला नाव पडलं होतं— सुरी.

इंग्रजीचा कायमचा धसका घेतला मी. चष्म्याच्या दुकानात काचा घासते ते बरं आहे. नंबर जुळला की माणसाला दिसतं. काच आडून काही बोलत नाही.

१० मार्च, रविवार

अप्पांचा जुना विद्यार्थी भेटायला आला, बायकोला घेऊन. आता वकील आहे. माझ्याच वर्गातला. दारातच म्हणाला, "काय गं सुरी! ओळखलंस का?"

इतक्या वर्षांनी! वर बायकोला नावाची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. मावशीही कान देऊन ऐकत होत्या. मी पाणी दिलं, हसले. आतून नुसता भडका उडाला होता.

वकील म्हणाला, "सरांचं इंग्रजी म्हणजे विचारायलाच नको. अजून सगळं तोंडपाठ असेल." मी म्हटलं, "बघू या की विचारून."

वही आणली. त्या दिवशीच्या दहा वाक्यांत ते वाक्य नव्हतं. मी ते तिथल्या तिथे लिहिलं आणि अप्पांच्या समोर धरलं. 'हिज वर्ड्स वर नाइव्ज.' अर्थ सांगा.

त्यांनी दोनदा वाचलं. चेहरा काळजीने भरला. "जखम खोल आहे का?"

वकील खो खो हसला. बायकोही हसली. मावशींनी तोंडावर हात धरला. अप्पांना थट्टा कळत नाही, पण आपल्याला हसतायत हे कळतं! ते एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे थांबायला हवं होतं मी. थांबले नाही. त्यांच्याच त्या सुरात म्हणाले, "डोकं आहे की दगड?"

अप्पांनी चांगला हात उचलला. कपाळावरून फिरवला, मग टाळूवरून, मग मागून. सावकाश, नीट चाचपून. आणि म्हणाले, "डोकं आहे."

मग कुणी हसलं नाही.

११ मार्च, सोमवार

अप्पांनी वही उघडली नाही.

१२ मार्च, मंगळवार

आजही नाही. पेन टोपणासकट मला परत दिलं.

१३ मार्च, बुधवार

दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. मालक म्हणाले, "लक्ष कुठंय ताई तुमचं?" काय सांगू?

मी लाजेने मेले. धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. छातीवर दगड आहे. वकिलाला नावं ठेवावीत तर तो बिचारा नुसता हसला. केलं मी.

मी ते वाक्य मुद्दाम विचारलं. त्यांना उत्तर येणार नाही हे मला माहीत होतं. इतकी वर्षं मनात धरून बसले आणि सूड उगवला तो कुणावर? जो डाव्या हाताने शर्टाचं बटण लावू शकत नाही, त्याच्यावर! शी!

१४ मार्च, गुरुवार

आज हिंमत केली. दुधाचा पेला दिला आणि म्हटलं, "अप्पा, रविवारी माझी जीभ घसरली."

ते घाईघाईने उठून बसायला लागले. "तोंड उघड. बघू."

मी उघडलं! काय करणार? त्यांनी चष्मा लावला, हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "काही लागलेलं नाही," म्हणाले, आणि दूध प्यायले.

माफी राहिली ती राहिलीच. लहानपणापासून या हाताने कधी माझी हनुवटी धरलेली आठवत नाही.

१५ मार्च, शुक्रवार

थेरपिस्टने वही पाहिली. पाच पानं कोरी. मी खोटं बोलले, "कंटाळलेत हो ते." ती काळजीत पडली. इतक्या लवकर सोडून चालणार नाही म्हणाली. मग म्हणाली, "मागे लागू नका. वही-पेन उशाशी ठेवा आणि तुम्ही कामाला जा. मास्तर आहेत, लिहिलेलं दिसलं की हात शिवशिवतील."

खरं कारण सांगायला तोंडच नव्हतं मला. माझ्या लाजेपायी त्यांचा सराव बुडतोय, म्हणजे एकाचे दोन गुन्हे झाले.

१७ मार्च, रविवार

त्यांच्या वहीत दहा नवी वाक्यं लिहून ठेवली. सगळी साधी. एकातही सुरी नाही.

१८ मार्च, सोमवार, सकाळ

मालकांनी लवकर बोलावलंय. मावशी आल्या. वही-पेन उशाशी ठेवते आणि पळते.

१८ मार्च, संध्याकाळ

घाईत त्यांच्या उशाशी ही वही ठेवली. माझी! त्यांची दिवसभर माझ्या पिशवीत होती.

अप्पा झोपलेत. पेनचं टोपण गादीवर. पान अन् पान तपासलंय, सगळ्या लाल खुणा उजव्या कडेला.

'मी लाजेने मेले.' फुली. चूक. तू जिवंत आहेस.

'धरणी दुभंगावी.' नको. पडशील.

'छातीवर दगड आहे.' कोणी ठेवला? जड असेल तर डॉक्टरांना सांग.

'मी ते वाक्य मुद्दाम विचारलं.' इथे बरोबरची खूण. पुढे, कळलं.

आणि मागे, आठ तारखेला, 'त्यांनी मला उभं केलं.' तिथेही बरोबरची खूण, पेन इतकं दाबलंय की कागद फाटलाय. शेजारी लिहिलंय— खाली बस.

मी उभ्यानेच वाचत होते. बसले.