भरीत लीगचं जांभळं वांगं

१ डिसेंबर, सकाळी ९
कंपनी सुरू. डायरेक्टर मी, बाकी सगळं आतेभाऊ ललित. गेम 'भरीत लीग': कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, ठेचायची, समोरच्याच्या आधी. वडिलांशी, म्हणजे आबांशी, लेखी करार झाला: वर्षअखेर हजार खेळाडू, नाहीतर एक जानेवारीला धुळ्याच्या पॉलिटेक्निकात तासिका तत्त्वावर लेक्चरर. नेमणुकीचं पत्र ड्रॉवरमध्ये टाकलंय. लागणार नाही.

६ डिसेंबर
डाउनलोड ४१. नातेवाईक ३८. सुरुवात अशीच होते.

९ डिसेंबर
चोपड्याच्या लताकाकूंनी गेम पाहिला. भरताच्या बाबतीत गावात शेवटचा शब्द त्यांचा. म्हणाल्या, पोरी, हाई वांगं शे का कांदा?
भरताचं वांगं हिरवं असतं, हे मलाही माहीत आहे. पण फुकट मिळालेलं चित्र जांभळं होतं. शिवाय जग जांभळं वांगं ओळखतं. बदलणार नाही.

१३ डिसेंबर
काकूंचा व्हिडिओ गावोगाव फिरतोय. 'खान्देशचा अपमान.' डाउनलोड १,१४०!
ललित म्हणतो, ताई, लोक एक स्टार द्यायला उतरवून घेताहेत. मी हेतू मोजत नाही, संख्या मोजते. आबांना स्क्रीनशॉट पाठवला. त्यांचं उत्तर: शिव्या देणारा खेळाडू नसतो. करारात 'खेळाडू'ची व्याख्या राहिली होती. ठरलं: २८ला एरंडोलच्या हॉलमध्ये स्पर्धा, आबा स्वतः खेळणारे मोजणार.

२० डिसेंबर
वांगं हिरवं केलं. माघार नव्हे, व्हर्जन १.१. आता ते गेममधल्या हिरव्या शेतात दिसत नाही. खेळाडूंचं कौशल्य वाढेल.

२८ डिसेंबर
काकूंचा राग जावा म्हणून हॉलबाहेर खऱ्या भरताची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची पंगत त्यांच्याकडेच दिली होती. माणसं हजारावर आली. खेळायला बसली सहा. काड्यांचा धूर आत आला, तशी चार उठली.
फायनल: मी विरुद्ध ललित. आबा मोजायला थांबले नाहीत. दुसऱ्यांदा वाढून घेत होते. त्यात काकूंनी येऊन मला विचारलं, तुला कळण्याची भाकरी अर्धी देऊ का पूर्ण?
मी दुसरी आले.

१ जानेवारी, धुळे
नोकरी तात्पुरती आहे. पहिला तास, साठ मुलं. मागच्या बाकावरून आवाज: मॅडम, ते जांभळं वांगं तुमचंच ना? सगळा वर्ग हसला. म्हणजे ब्रँडची ओळख साठपैकी साठ. ही आकडेवारी ललितला कळवायला हवी.
विचारलं, गेम कोणकोण खेळलंय?
एक हात वर झाला.
त्याला पंखा बंद करून हवा होता.