भाग क्रमांक ४१७

कोल्डर क्रीक, ओहायो
७ जुलै १९०८

आदरणीय इलायसभाऊ यांस,

अमॉसचा सप्रेम नमस्कार. आपला उजवा गुडघा आता कसा आहे? तांबडी गाय व्यायली का? वहिनींचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. आपल्या घरी सध्या आणखी कोणी पाहुणं उतरलं असेल, तर त्यांचीही प्रकृती उत्तम असो. (नाव घेत नाही. हे पत्र त्या पाहुण्यांना वाचून दाखवायचं की नाही हे आपण ठरवा. पण दाखवलंत तर गुडघ्यात आणि गाईत वेळ घालवू नका, थेट मिरवणुकीपासून सुरुवात करा.) इकडे सर्व क्षेम. मी एकवीस दिवस सलग डब्यातला घेवडा खातो आहे आणि अजून जिवंत आहे, ही अमेरिकन उद्योगधंद्याचीच कमाल म्हणायची.

भाऊ, काय सांगू आणि कुठून सांगू! आज ती सोळा पांढरीशुभ्र लढाऊ जहाजं सॅन फ्रान्सिस्कोहून अर्ध्या जगाला वळसा घालायला निघताहेत, आणि त्या सोळाच्या सोळा जहाजांत माझ्या हातचं पितळ आहे. हे वाक्य मी सकाळपासून चार वेळा मोठ्यानं म्हटलं. घरात ऐकायला फक्त मांजर होतं, तेही उठून गेलं.

आमच्याकडे काम कसं चालतं हे आपल्यासारख्या शेतकऱ्याला पटायचं नाही. आपण नांगरता, पेरता, कापता आणि खाता. गहू कशाला हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. आमच्या हॅझलटाइन पितळ कारखान्यात एक जण ओततो, दुसरा कापतो, तिसरा भोक पाडतो, मी त्यात स्क्रू बसायचे आटे पाडतो आणि पाचवा गवतात गुंडाळून पेटीत भरतो. पाचांपैकी कुणालाही विचारा, ‘बाबा रे, हे आहे तरी काय?’ तो नंबर सांगेल. आठ वर्षं मी ज्याला आटे पाडले तो भाग क्रमांक २०९ म्हणजे शवपेटीच्या कडीचा स्क्रू, हे मला वडिलांना खांदा देताना कळलं. (आटे उत्तम बसले होते. रडता रडताही मी तेवढं पाहून घेतलं.)

तर फेब्रुवारीत आरमाराची मागणी आली. सोबत एकच ड्रॉइंग: वितीएवढा पितळी तुकडा, मध्ये दांडा, बाजूला चावी, खाली ‘भाग क्रमांक ४१७’. बस्स, पुढे अक्षर नाही. आता सरकार इतकं गप्प बसतं म्हणजे वस्तू भयंकर असणार, हे लहान मूलसुद्धा सांगेल. आमचा न्हावी ऑटो क्रिंग (ह्याला युद्धातलं फार कळतं, कारण ह्याचा चुलता प्रशियात घोड्याची लाथ खाऊन आला होता) म्हणाला, ही तोफेच्या बुडाची कळ. पोस्टमास्तर म्हणाले, पाणसुरुंग. गावाचे दोन तट पडले, पण ज्या तटाकडे मी बघून हसायचो तो तट जिंकायचा. हसायला मी काही कमी केलं नाही, हे आज कबूल करतो. बेकरीत ४१७ च्या आकाराचे गोड पाव निघाले. हॅझलटाइनसाहेबांनी घड्याळाच्या साखळीत अडकवायला छोटे पितळी ४१७ काढले, ते तर हातोहात संपले. रस्त्यानं चाललो की लोक माझ्या उजव्या हाताकडे बघायचे. भाऊ, चाळीस वर्षं झाली, ह्या हाताकडे कोणी कधी बघितलं नव्हतं.

आता आपल्या बहिणीबद्दल, म्हणजे माझ्या बायकोबद्दल. लव्हिनियाचा आठवडा आपल्याला माहीत आहेच: सोमवारी दारूबंदीची सभा, बुधवारी बायकांच्या मताधिकाराची, शुक्रवारी जागतिक शांततेची, आणि शनिवारी सवड मिळाली तर माझी सुधारणा. तिच्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. तिच्यामुळे दारू सोडली, तंबाखू सोडली, आणि गिरणीतल्या पोरींचे कामाचे तास कमी करा म्हणून अर्जावर सही करून साहेबांची बोलणीही खाल्ली. पण जूनमध्ये एका संध्याकाळी तिनं हातातलं शिवण खाली ठेवलं आणि विचारलं, ‘अमॉस, तू जे बनवतोस त्यानं माणूस मरतो का?’

आणि मी गाढवानं, गावभर मिरवून आलेलो, छाती फुगवून म्हणालो, ‘निदान आशा तरी तशीच आहे!’

आपल्या क्वेकर पंथाच्या, गप्प बसून प्रार्थना करणाऱ्या घराण्यातलं भांडण मला चौदा वर्षांत उमगलेलं नाही. आम्हा ट्रिंबलांकडे भांडण झालं की ताटल्या फुटतात आणि उरलेल्या ताटल्यांत सगळे एकत्र जेवतात. आपल्याकडे ताटली धुतली जाते, पुसली जाते, जागेवर ठेवली जाते, आणि माणूस सकाळच्या गाडीनं भावाकडे निघून जातं. लव्हिनिया ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. ओट्यावर फक्त घेवड्याचे डबे होते, ओळीनं लावलेले.

मी ठरवलं, जाऊ दे. चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढच्या गाडीवर उभं राहायचा आणि भाषणाचा मान मला मिळाला होता, आणि साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं की त्यानंतर फोरमनची जागा माझीच. गाडीवर लाकूड आणि कागदाचा नऊ फुटी ४१७ उभा केला होता, सोनेरी रंगाचा, चार घोडे जुंपून. बघून डोळ्यांत पाणी यायचं.

दोन तारखेला दुसरी खेप तपासायला आरमाराचा इन्स्पेक्टर आला. बारीक, शिस्तीचा, चष्मेवाला माणूस. माझे आटे भिंगातून बघून म्हणाला, ‘उत्तम.’ मला राहवलं नाही. दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, ‘साहेब, मी कुणाला बोलणार नाही. ही तोफ किती मैल मारते?’

त्यानं चष्मा काढला. ‘कसली तोफ? ही संडासातली झडप आहे. चावी फिरवली की पाणी सुटतं.’

मी म्हटलं, ‘नीट आठवा.’

‘अहो, मी तपासतो ना!’ तो जरा रागावलाच. ‘पूर्वीची झडप अडकायची. जहाजावर आठशे माणसं असतात, मिस्टर ट्रिंबल. तुम्हीच विचार करा.’

मी केला विचार. त्या दिवशी दुसरा विचारच मनात आला नाही. साहेबांकडे गेलो तर साहेबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक! म्हणाले, ‘अमॉस, गाव खूश आहे, तू खूश आहेस. आता नऊ फुटी वस्तू बांधून झाली. तोंड उघडलंस तर फोरमनची जागा विसर.’ मी मान डोलावली. खरं सांगतो भाऊ, डोलावली.

चार तारखेला काय ऊन, काय बँड, काय ती गर्दी! नऊ फुटी सोनेरी संडासाची झडप पुढे, तिच्या कुशीत मी, मागे अग्निशामक दल, शाळा, आणि लव्हिनियाच्या मैत्रिणी पांढऱ्या फिती लावून. त्यांच्या रांगेत एक जागा मोकळी सोडलेली होती. ती जागा मी बघायला नको होती. न्यायालयासमोर गाडी थांबली, बँड थांबला, आणि ऑटो क्रिंग ओरडला, ‘सांग रे अमॉस, किती मरतील एका दणक्यात?’

लोक हसले, टाळ्या पडल्या. मी तोंड उघडलं आणि मला तोच प्रश्न ऐकू आला, लव्हिनियाचा. भाषण खिशात होतं, हात जाईना. आपल्या प्रार्थनेला बसतात तसा मी गप्प उभा राहिलो, मिनिट, दोन मिनिटं. लोकांना वाटलं हे मौन शहिदांसाठी आहे, त्यांनी टोप्या काढल्या. त्यामुळे तर आणखीच पंचाईत झाली. शेवटी मी म्हणालो, ‘एकही नाही. ह्यानं कोणी मरत नाही. ही संडासातली झडप आहे.’

कोणीतरी खुदकन हसलं, मग दुसरा, आणि मग असं हसू फुटलं की चारही घोडे बिथरले. ऑटोनं साखळीतला छोटा ४१७ उपटून फेकला. साहेबांचा चेहरा सांगत नाही. मी उतरायला जागा शोधत होतो, तेवढ्यात पहिल्या बाकावरचे सायलस विदरबी उठले. उत्तर-दक्षिण युद्धात डावा हात गेलेले, ऐंशीला आलेले; चार जुलैला कधी बोलत नाहीत, नुसते बसतात. त्यांनी काठी आपटली.

‘हसताय काय, मेल्यांनो? माझ्या तुकडीत गोळीनं गेले अकरा. हगवणीनं गेले सत्तावीस. सत्तावीस! माझा धाकटा भाऊ त्यात. नदीकाठी शौचाला चर खणायचे आणि खालच्या अंगाला तेच पाणी प्यायचे. हे पितळ तेव्हा असतं तर वॉल्टर आज इथे बसला असता.’ आणि त्यांनी माझ्याकडे बघून टोपी काढली.

भाऊ, मग सगळ्यांनी काढल्या. बँडवाल्याला काय वाजवावं कळेना, त्यानं ध्वजगीताची चाल धरली आणि आम्ही सगळे त्या झडपेपुढे ताठ उभे राहिलो. मी रडलो, हे लपवत नाही. ऑटो धुळीत गुडघे टेकून आपला पितळी तुकडा शोधत होता. अमेरिका जगातली मोठी सत्ता झाली म्हणतात, ती तोफांनी झाली असेल. पण जहाजावरची आठशे माणसं पोट बिघडून मरत नाहीत, त्यात माझे आटे आहेत, आणि मला त्याचा तोफेपेक्षा जास्त अभिमान वाटतो. हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही.

बाकी विशेष नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गाईची खबर कळवावी.

आपला,
अमॉस ट्रिंबल

ता.क. फोरमनची जागा गेली. ती ऑटोच्या जावयाला मिळाली. मला वाईट वाटलं नाही. (वाटलं. पण थोडं.)

ता.क. पाहुण्यांना एवढंच सांगावं: त्या प्रश्नाचं माझं जूनमधलं उत्तर चुकलं होतं, आणि वस्तू कोणतीही निघाली असती तरी चुकलेलंच होतं. शुक्रवारी सकाळची गाडी साडेदहाला इथे येते. गाडी येवो न येवो, मी फलाटावर असेन. घेवडा संपला आहे.

ता.क. हे लिहून ठेवलं आणि पाकीट चिकटवण्याआधी कामावर गेलो, तर तिथे नवीन ड्रॉइंग आलेलं: भाग क्रमांक ४१८. लांब आहे, पोकळ आहे, आणि एका टोकाला निमुळतं आहे. गावात पुन्हा दोन तट पडले आहेत. ह्या वेळी मी कुणाकडे बघून हसलो नाही. आटे पाडायचं लेथ यंत्र बंद करून घरी आलो. पण साहेबांच्या खोलीत जाऊन ‘ह्यानं माणूस मरतो का?’ असं तोंडावर विचारायचं धाडस मला होत नाही. सगळ्या कोल्डर क्रीकमध्ये तो प्रश्न सरळ विचारू शकणारं माणूस एकच आहे, आणि ते आपल्याकडे आहे. तिला पाठवा, भाऊ. ती येईपर्यंत लेथ बंदच आहे.