जवळचा नातलग

मुनिरका, नवी दिल्ली
रविवार, १२ ऑक्टोबर २००३

चि. मयुरा हिस,
गुणवंतमामाचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस का? दर नाताळात तुझं कार्ड येतं. आत काही लिहिलेलं नसतं, पाठीमागे फक्त पुण्याचा पत्ता. मी उत्तर देत नाही. मामा-भाचीचा इतका संयमी पत्रव्यवहार पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. आज मी तो मोडतो आहे, तेव्हा बसून वाच.

माझं ठीक चाललंय. शाळेत अजून संस्कृतच शिकवतो. दिल्लीच्या मुलांना देवभाषेची भलतीच गोडी लागली आहे, कारण "सर, स्कोरिंग है." नवे मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी म्हणाले, "आप क्रिश्चियन होकर संस्कृत?" मी म्हटलं, "जी, शुगर होकर जलेबी भी." तेव्हापासून माझ्याशी फक्त वेळापत्रकाबद्दल बोलतात. केस गेले, दात दोन गेले, बाकी ऐवज जागेवर आहे.

आता मुख्य बातमी. तुझे आईबाबा आफ्रिकेत चालले आहेत. मलावी नावाच्या देशात एका तळ्याकाठी आपल्या मिशनचा छोटा दवाखाना आहे. भाऊजी तिथे रक्त तपासणार, ताई बाळंतपणं करणार. मुदत तीन वर्षांची. भाऊजी सहासष्टचे, ताई त्रेसष्टची. या वयात लोक मुलांकडे अमेरिकेत जाऊन नातवंडांचे लंगोट बदलतात. यांना परक्या देशातली परक्यांची बाळं मिळाली.

तू पुण्याला गेल्यावर त्यांनी वसुंधरा कॉलनीत घेतलेला फ्लॅट तू पाहिलेला नाहीस. आठवा मजला. लिफ्ट चालू असली की वॉचमन स्वतः वर येऊन कळवतो. गेला महिनाभर तिथे तयारी चालू आहे. करोल बागेतून दोन मोठ्या बॅगा आणल्या. माणशी वजन ठरलेलं, म्हणून ताई बाथरूमच्या काट्यावर गोडा मसाला, मच्छरदाणी, गीतांचं पुस्तक असं सगळं पुन्हा पुन्हा तोलत असते. एक शाळेचा निळा स्वेटर आहे, तो ती रोज बॅगेत घालते आणि रोज काढते. काट्यावर मात्र ठेवत नाही. मी विचारलं, "ताई, आफ्रिकेत थंडी असते का गं?" ती म्हणाली, "तू गप बस आणि दोरी धर."

दोरी धरली.

नऊ नोव्हेंबरला, रविवारी, चर्चमध्ये त्यांची पाठवणीची उपासना आहे. पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार, मग प्रभुभोजन. अकराला विमान.

प्रभुभोजनाचं तुला आठवत असेल. पाळकसाहेब आधी सांगतात, ज्याच्या मनात कुणाविषयी आकस असेल किंवा ज्यानं आपली चूक निस्तरली नसेल, त्यानं आधी ते करावं, मग पेल्याला हात लावावा. मग पेल्यांचं ताट रांगेतून फिरतं. नऊ वर्षं ते माझ्यापर्यंत येतं आणि मी पुढे देतो. कुणी विचारलं तर म्हणतो, द्राक्षाच्या रसात साखर फार. मंडळी हसतात. अंगठ्याएवढा पेला असतो गं तो, मयुरा. त्यानं मुंगीला मधुमेह व्हायचा नाही.

आज उपासनेनंतर नेहमीप्रमाणे वसुंधराला जेवायला गेलो. दर रविवारी जातो. जेवण झाल्यावर भाऊजींनी मिशनचा फॉर्म पुढे केला. "स्पेलिंगं बघ रे, मास्तर." मी चष्मा पुसला आणि वाचू लागलो. सेवेत असताना मृत्यू झाल्यास देह कुठे पाठवावा? भाऊजींनी लिहिलं होतं: तिथेच पुरावा. त्याखाली, जवळचा नातलग, ज्याला कळवायचं. तिथे माझं नाव, माझा पत्ता. नातं: मेव्हणा.

स्पेलिंग बरोबर होतं.

ताई ताटं उचलता उचलता म्हणाली, "गुणा, नऊ तारखेला तरी पेला घे. आम्ही परत येऊ न येऊ. एका घोटानं काय होतंय तुला?"

इथपर्यंत मी विनोद करत आलो. पुढचं तुला माहीत आहे, कारण ते फक्त तुलाच माहीत होतं. तरी लिहितो. एकदा माझ्या हातानं कागदावर यायला हवं.

हप्त्यांवर घेतलेली माझी मारुती. नोएडाच्या नव्या सेक्टरांत तेव्हा रस्ते तयार होते आणि माणसं यायची होती. तिथे मी तुला गाडी शिकवली, घरी न सांगता, कारण भाऊजींनी लायसन्स मिळेपर्यंत बजावून नाही म्हटलं होतं. आपल्याला मजा वाटायची. मग तो नाताळाआधीचा रविवार. तू आणि तुझा धाकटा भाऊ सुयश रात्री माझ्याकडे राहिलेले. त्याला आठ वाजता नाटकाच्या तालमीला पोचायचं होतं. मेंढपाळ होता तो, हेडमेंढपाळ म्हणवून घ्यायचा. सोडायचं मी कबूल केलं होतं. बाहेर हाताला हात दिसू नये असं धुकं. तू हलवलंस, "मामा, ऊठ ना, उशीर होतोय." मी रजईतून हात बाहेर काढला, उशाखालची किल्ली तुला दिली आणि म्हणालो, "तूच जा घेऊन. हळू जा." आणि कूस बदलली.

रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता. मागचे दिवे नव्हते.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भाऊजींनी विचारलं, "किल्ली कुणी दिली?" तुझ्या मनगटाला नुकतं प्लास्टर घातलं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक वाचत होतो. दोन-तीन क्षण तू थांबलीस, मी बोलेन म्हणून. सात विभक्ती मुलांकडून घोकून घेणाऱ्या माणसाला 'अहम्' हे प्रथमेचं एकवचन सापडेना. मग तू म्हणालीस, "मी घेतली. मामा झोपला होता." कबरस्तानात भाऊजी तुला म्हणाले, "चोरून नेलंस तू त्याला." तेव्हाही मी शेजारीच होतो. मूठभर माती टाकायची माझी पाळी होती.

तू मला का वाचवलंस, हे विचारण्याचं धाडस मला आजही नाही.

तर आज, ताटं उचलली जात असताना, मी सांगितलं. उभ्यानंच. एक वाक्य होतं: "किल्ली मी दिली होती, मी जागा होतो." इतकं लहान वाक्य, आणि नऊ वर्षं लागली.

ताई हातातली ताटं घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "नऊ वर्षं, दर रविवारी, माझ्या हातचं जेवलास तू." आवाज चढवला नाही. आत गेली आणि तिनं नळ सोडला. भांडी वाजत नव्हती, नुसतं पाणी चालू होतं.

भाऊजी उठले. मला वाटलं, मारतील. बरं झालं असतं. ते म्हणाले, "महिन्याच्या दर पहिल्या रविवारी मी देवाला सांगून पेला घेत आलो, की पोरीला मी क्षमा केली. कशाची केली रे मी?"

मग त्यांनी पाळकसाहेबांना फोन लावला. म्हणाले, नऊ तारखेला डोक्यावर हात ठेवा, विमानाला मी जाईन, शब्द दिलेला आहे. पण ताट माझ्याकडून पुढे जाईल. मुलीशी नीट झाल्याशिवाय मी पेल्याला हात लावणार नाही, मग ते मलावीत असो की मातीत. पाळकसाहेब काय म्हणाले मला ऐकू आलं नाही. "नाही, क्षमा तिनं नाही मागायची," भाऊजी म्हणाले, "मी. माझं राहिलंय."

मी म्हटलं, "तिला बोलावतो." ते म्हणाले, "बोलावू नकोस. तो हक्क मला नाही. नुसतं सांग तिला. मला लिहायला जमत नाही."

म्हणून मी बोलावत नाही. तारखा वर लिहिल्या आहेत, त्या केवळ माहितीसाठी. आईचा रक्तदाब वाढलेला आहे, हेही माहितीसाठीच. तू आली नाहीस तर कुणी काही म्हणणार नाही; म्हणायला तोंड असलेलं माणूस या घरात उरलेलं नाही.

सोबत फॉर्मची झेरॉक्स आहे. ती मात्र भाऊजींनीच पाठवायला सांगितली. जवळच्या नातलगापुढे माझं नाव त्यांनी दोन रेघांनी खोडलं आहे. एरवी हल्ली त्यांना इतकी सरळ रेघ ओढता येत नाही. वर तुझं नाव. नातं या शब्दापुढे पेन थोडं थांबलेलं दिसेल, शाईचा ठिपका आहे, आणि मग: मुलगी. पत्त्याची ओळ कोरी आहे. त्यांना तो माहीत नव्हता. माझ्याकडची कार्डं मी त्यांना कधी दाखवली नव्हती. तेही आज सांगितलं. ताईनं ती नऊच्या नऊ मागितली आहेत. उद्या शाळेआधी नेऊन देईन. दारातच घेईल, असं वाटतं.

पत्त्याची ओळ मी भरणार होतो. भाऊजींनी हात धरला. "तिची तिला भरू दे," म्हणाले. "भरायची असेल तर."

नऊ तारखेला मी शेवटच्या बाकावर असेन. ताट आलं की पुढे देईन. माझ्या क्षमेचा विचार तू करू नकोस, ती या पत्रात मागितलेली नाही, पुन्हा वाचून बघ. तुझ्या नावावर नऊ वर्षं जे होतं ते माझं होतं, तेवढं परत घेण्यासाठी हे पत्र.

त्या सकाळी जागा असलेला,
तुझा मामा
गुणवंत