वरच्या मजल्यावरची लाउडस्पीकर

३ फेब्रुवारी
कॉलेजातून फोन. लेक वर्गात रडली. झोप लागत नाही म्हणे. समुपदेशक मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, मुलांच्या मनावर आजूबाजूच्या माणसांचा फार परिणाम होतो. मी तिथल्या तिथे ओळखलं: वरच्या मजल्यावरची बाई. आम्ही तिला लाउडस्पीकर म्हणतो. टीव्ही, मिक्सर, पोरांवर ओरडणं, वर खिदळणं. पोरीचं वाटोळं करणार ही. मॅडम अजून काही सांगत होत्या, पण मुद्दा कळल्यावर कशाला बसायचं?

५ फेब्रुवारी
वर जाऊन समज दिली. अगदी शांतपणे. खालच्या मजल्यावरचे लोक दारात का आले, कळलं नाही.

६ फेब्रुवारी, सकाळ
संकल्प: लेकीशी रोज मोकळेपणाने बोलायचं. नाश्त्यालाच सुरुवात केली. टेस्टला मार्क किती, कमी का, माझ्या ऑफिसातल्या साहेबांच्या मुलाला किती. पोरीने ताटली बाजूला सरकवली. तेवढ्यात वर मिक्सर लागला. डोकंच फिरलं. बायको म्हणे, तिला आधी खाऊ द्या. ही नक्की कोणाच्या बाजूने आहे?

१० फेब्रुवारी
वातावरण साफ केलं. मैत्रिणींना घरी यायला बंदी, मोबाइल माझ्या कपाटात. तरी झोप नाहीच. रात्री दर तासाला दार उघडून विचारतो, झोपलीस का? बापाने अजून किती करायचं?

१३ फेब्रुवारी
सोसायटीच्या सेक्रेटरीकडे आवाजाची तक्रार केली. तो म्हणतो, तक्रार आधीच आलीय, पण तुमच्याविरुद्ध. कान तपासून घे म्हटलं त्याला.

१७ फेब्रुवारी, दुपार
लेकीसाठी हाफ डे टाकून घरी आलो. ती घरात नाही. बायकोने थंडपणे सांगितलं, वर गेलीय, कॉलेज सुटलं की रोज जाते. रोज! आणि मला पत्ता नाही. तणतणत जिना चढलो. दार सताड उघडं. टीव्ही चालू, कुकरच्या शिट्या, दोन पोरं रिमोटवरून हाणामारी करतायत. आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर माझी लेक, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. कितीतरी दिवसांनी तिला असं झोपलेलं पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर लाउडस्पीकरने ओठांवर बोट ठेवलं. कुजबुजत म्हणाली, भाऊ, तुम्ही बोलू नका. बाकी कशाने उठत नाही ती, तुमचा आवाज आला की दचकते.
राग तर असा आला होता! चपला हातात घेऊन, पाय न वाजवता खाली आलो.