ईस्टरच्या खारट करंज्या

मानुसोस,

शंभरच्या शंभर करंज्या टेबलावर झाकून ठेवल्या आहेत. शेळ्यांचं दूध मी काढलं, चीज मी केलं, पीठ मी मळलं. ईस्टरचा उपास सुटेपर्यंत दूध-चीज वर्ज्य, सारण चाखता येत नाही, म्हणून दरवर्षीसारखी साखर-दालचिनी अंदाजानेच घातली. आज सकाळी स्मारोला एक दिली, लहान मुलांना कसला उपास! पोरीने थू करून टाकली. म्हणाली, “परवा बाबांनी चीजमध्ये मीठ घातलं. आजी म्हणाली, नाहीतर नासेल.”

गोडाच्या चीजमध्ये मीठ! बरं, घातलंस तर घातलंस. पण दोन दिवस मी तुझ्यासमोर बसून करंज्या करत होते आणि तू मिठाची गुळणी धरून बसलास? आईपुढे तुझी जीभ उचलत नाही, माझ्यापुढेही नाही?

स्मारोला घेऊन मी माझ्या आईकडे चाललेय. तिथे ताज्या दुधाच्या करीन.

या करंज्या उद्या तुझ्या आईच्या पंगतीत तूच वाढायच्या. सगळे तोंडं वाकडी करतील, तुझी आई मला नावं ठेवेल. तेव्हा तरी तोंड उघड.

अर्गिरो