चित्र क्रमांक चार आणि चौदा सांगाडे

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

मी, इंद्रभान श्रीपत वायाळ, वय ४९ वर्षे, धंदा शेती-अवजारांचे वर्कशॉप, राहणार जालना रोड, देऊळगाव राजा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. रागही शाबूत आहे, आणि तो आजारपणाचा आहे असे कोणी समजू नये. येत्या सोमवारी छत्रपती संभाजीनगर येथे माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेलो नाही. पण माझ्या वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये यंत्रांचे चौदा लोखंडी सांगाडे उभे आहेत. मी परत आलो नाही तर त्यांच्यावर मोटारी बसतील आणि ते मिरचीच्या हंगामाआधी विकले जातील. तसे होऊ नये म्हणून हे लिहिणे भाग आहे. लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. न लिहिण्यासाठी होता.

खाली नमूद केलेली सर्व मिळकत माझी स्वकष्टाची आहे. वडिलांच्या जमिनीतील माझा धाकटा भाऊ सागर याचा हिस्सा त्याच्या नावावर झालेला आहे. त्याबाबत माझे काही म्हणणे नाही.

१. राहते घर, बँकेतील ठेव आणि घरातील देव माझी पत्नी सौ. रुख्मिणी हिच्याकडे जावेत. देव मुद्दाम लिहिले, कारण ते मिळकतीत येत नाहीत असे वकिलाने सांगितले आणि मला ते पटले नाही. रुख्मिणी आता दारात उभी राहून म्हणते, "सकाळपासून मरायचं लिहून राह्यले, अन् मधी मधी चहा मागता." तिने माझ्यामागे शनिवारचा उपास सोडून द्यावा. तिला पित्त होते.

२. वर्कशॉपची जागा, शेड, लेथ, दोन्ही वेल्डिंग मशीन, ड्रिल, सर्व हत्यारे आणि वर्कशॉपचे नाव माझी मुलगी अनुपमा हिला मिळावे. तिने आयटीआय केले आहे आणि तीन वर्षे माझ्या शेजारी उभे राहून काम केले आहे. सागर म्हणाला होता, "दादा, पोरीच्या हातात वर्कशॉप देता? गिऱ्हाईक हसंल." हसू दे. हसणाऱ्या गिऱ्हाइकाला रांगेत शेवटी उभे करावे.

पण अनुपमा, याला अट आहे, आणि ती माझा मित्र धम्मदीप इंगळे याने कायद्यात बसवून दिली आहे. कोणतेही नवे यंत्र करताना आधी ते खडूने शेडच्या फरशीवर पूर्ण मापाचे काढायचे. कागदावरचे लहान चित्र खोटे बोलते. फरशीवर काढले की आपण त्याच्या शेजारी उभे राहू शकतो, वाकून पाहू शकतो, हात कुठे पोचतो ते कळते. मग पुठ्ठ्याचे करायचे. फ्रिजच्या दुकानातून खोके मागून आणायला लाजू नये. मग लाकडाचे. लाकडाच्या यंत्रावर ज्याला रोज काम करायचे आहे त्या माणसाने एक अख्खी सकाळ काम करायचे, आणि आपण काही न बोलता स्टुलावर बसून पाहायचे. तो जे बोलेल ते चित्रावरच लिहायचे. हे सगळे झाल्यावर लोखंड कापायचे. आणि जे चित्र यातून पार पडले, त्यालाच देवासमोर ठेवून कुंकवाचे बोट लावायचे. बोट नसलेल्या चित्रावरून या वर्कशॉपमध्ये एक पत्रादेखील कापला जाऊ नये.

ही रीत मला कोणी शिकवली नाही. मी गावच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलो. चुका करून करून ही रीत हाताला लागली.

३. माझ्या चित्रांच्या सर्व वह्या अनुपमाला. त्यांतील निळ्या पुठ्ठ्याच्या वहीबद्दल सविस्तर लिहितो.

आमच्याकडे बियाण्याचे प्लॉट पुष्कळ आहेत. वाळलेल्या मिरचीतून बी काढायचे काम बाया हाताने करतात. दिवसभर मिरची चोळली की रात्री हात पाण्यात बुडवून बसावे लागते, लेकराला जवळ घेता येत नाही. हे काम करणाऱ्या श्रीमती बेबीताई जायभाये आमच्या गल्लीतच राहतात. माहेर संग्रामपूरकडचे, त्यामुळे बोलणे तिकडचे आणि स्पष्ट. चार वर्षांपूर्वी त्या वर्कशॉपच्या दारात येऊन म्हणाल्या, "भाऊ, पेरायचं यंत्र बनवता, फवारायचं बनवता. बायाच्या हाताची आग होते त्याचं काऊन नाही बनवत?" मी वही घेतली.

यंत्र साधे आहे. वरून मिरची टाकायची, आत दाते असलेला ड्रम फिरतो, मिरची फुटते, चाळणीतून बी खाली पडते. वरच्या तोंडापासून ड्रमपर्यंत जी नळी जाते तिला आम्ही गळा म्हणतो. सगळा जीव त्या गळ्यात आहे.

वहीत अकरा चित्रे आहेत. पहिल्या तीनमध्ये मिरची अडकत होती. चौथ्यात गळा सरळ आणि आखूड केला, नऊ इंच. मिरची आधीपेक्षा बरी उतरली, पण अडकणे सुटले नाही. त्याचे लाकडी यंत्र केले, हाताने फिरवायच्या दांड्याचे, आणि बेबीताईंनी ते चालवले. पाहता पाहता माझ्या लक्षात आले की नऊ इंचांत हात ड्रमपर्यंत जातो. पाचव्यात गळा लांब केला, तर तोंड इतके उंच गेले की त्या म्हणाल्या, "शिडी बी देता का सोबत?" सहा ते दहा असेच वाया गेले. शेवटी त्यांचा हात मोजला, बोटाच्या टोकापासून खांद्यापर्यंत सव्वीस इंच. गळा तीस इंच केला, मध्ये वाक दिला आणि ड्रम खाली नेला. ते अकरावे चित्र. त्याला कुंकवाचे बोट आहे. ते चित्र दिसायला घाण आहे. खोडून खोडून कागद फाटला आहे, मिरचीचे डाग आहेत, कडेला बेबीताईंचे बोलणे लिहिलेले आहे.

चौथे चित्र मात्र फार स्वच्छ आहे. स्वच्छ आहे कारण त्यात काय चुकले हे मी पुढच्या पानांवर लिहीत गेलो, त्याच्यावर नाही.

४. आता सागरविषयी.

मागच्या वर्षी जानेवारीत मला टायफॉइड झाला. अठरा दिवस मी अंथरुणात होतो. सागरने डिप्लोमा केलेला आहे, कॉम्प्युटरवर चित्रे काढतो. त्याने निळी वही उघडली, अकरा चित्रांतून सगळ्यांत स्वच्छ चित्राचा मोबाईलवर फोटो काढला, आणि त्यावरून पंचवीस सांगाडे कापायला लावले. माझे लोखंड, माझे वर्कशॉप, माझे नाव. मी उठून बसेपर्यंत अकरा यंत्रे मोटार बसवून प्लॉटवर गेलेली होती.

मी विचारले, "बोट पाहिलं नाही का? चौथ्या चित्राला बोट आहे का?"

तो म्हणाला, "दादा, कुंकू लावल्यानं वेल्डिंग पक्कं होते का? अकरावं तं वाचताच येत नव्हतं. अन् हंगाम काय तुमच्या वहीसाठी थांबून राह्यला होता?"

मी कपडे घालून अकराही यंत्रे परत आणायला निघालो. सातव्या प्लॉटवर होतो तेव्हा फोन आला. आठव्या प्लॉटवर मिरची अडकली होती आणि बेबीताईंनी गळ्यात हात घातला होता. मोटार चालू होती. उजव्या हाताची तीन बोटे गेली.

त्या आठवड्यात मी उरलेली सर्व यंत्रे स्वतः आणून त्यांचे तुकडे केले. मागच्या शेडमधील चौदा सांगाड्यांचा पोलिसांनी पंचनामा केला आणि खटला संपेपर्यंत हात लावायचा नाही असे सांगून गेले. म्हणून ते अजून उभे आहेत. नाहीतर मी त्याच दिवशी गॅस कटर फिरवला असता.

सागरने जबाब दिला की बाईने निष्काळजीपणे हात घातला, यंत्रात दोष नाही. तो वर्षभर मला म्हणतो आहे, "दादा, तुम्ही बी तशीच एक सही करा. केस मिटते, सांगाडे सुटतात. तीन बोटं काय परत येणार आहेत?" मागच्या रविवारी माझ्या खाटेशेजारी बसून, मोसंबी सोलता सोलता म्हणाला, "तुमच्या मागं मलाच पाहायचं आहे ना सगळं." त्याने सोललेली मोसंबी मी खाल्ली नाही.

तरी माझ्या मिळकतीतून सागरला पुढील वस्तू मिळावी: निळ्या वहीतील चित्र क्रमांक चार, काच लावून फ्रेम केलेले. त्यावर मी लाल शाईने लिहिले आहे: "हे चित्र चुकीचे आहे. यावरून केलेल्या यंत्राने बेबीताई जायभाये यांची तीन बोटे नेली." त्याने ते जिथे कॉम्प्युटर ठेवतो त्या भिंतीवर लावावे. लावले नाही तर त्याच्यावर कोणताही दंड नाही. देव पाहतो एवढेच लिहितो.

५. चौदा सांगाडे माझ्या मालकीचे आहेत. पोलिसांनी सोडल्यापासून आठ दिवसांच्या आत अनुपमाने ते गॅस कटरने तुकडे करून भंगारात द्यावेत. गळा बदलून वापरता येतील असे कोणी म्हणेल. येणार नाहीत. सांगाडा सरळ गळ्यासाठीच कापलेला आहे, लांब गळा बसवला की ड्रम उंच जातो आणि बाईला शिडी लागते. हे कोणाला पटत नसेल तर त्याने पुठ्ठ्याचे करून पाहावे. कापण्याचा साचासुद्धा कापावा.

६. लाकडी यंत्र.

हे कलम मी तीनदा लिहून फाडले.

बेबीताई दवाखान्यात असताना मी एकदा रुख्मिणीला बाहेर बसवून त्यांना विचारले की हात का घातला. मला रागच आला होता. तीन वर्षे ज्या बाईने मला एकेक चूक दाखवली तिने असे करावे याचा.

त्या म्हणाल्या, "तुमीच तं शिकवलं नं, भाऊ."

मला आठवेना. त्यांनी आठवण करून दिली. चौथ्या चित्राच्या लाकडी यंत्रावर त्या काम करत होत्या तेव्हा मिरची सारखी अडकायची. दांडा सोडला की ड्रम थांबायचा, भीती कसलीच नव्हती. मीच स्टुलावरून म्हणालो होतो, "घाला हात अन् काढा, बेबीताई. लाकूड काय चावते का?" आणि त्यांनी घातला. एका सकाळी तीस-चाळीस वेळा घातला. पुढे माझ्या वर्कशॉपचे नाव असलेले, तेवढ्याच गळ्याचे यंत्र प्लॉटवर आले. मिरची अडकली, आणि त्यांच्या हाताला जे माहीत होते ते त्याने केले.

यंत्राची परीक्षा घेतो असे मी समजत होतो. त्याच वेळी मी माणसाच्या हाताला सवय लावत होतो, हे मला कळले नाही. पोलिसांसमोर बेबीताईंनी यातला एक शब्द सांगितला नाही. माझ्यासाठी सांगितला नाही.

म्हणून मी, इंद्रभान श्रीपत वायाळ, येथे लिहून देतो की या अपघातात बेबीताईंची चूक नाही. हात घालायला मी शिकवले आणि चुकीचे यंत्र सागरने केले. खटल्यात हा कागद दाखवावा, मी जिवंत असलो तरी दाखवावा. फ्रेममधल्या चित्रावर लाल शाईच्या खाली काळ्या शाईने माझ्याविषयीची ओळ मी काल वाढवली आहे. सागरला हे वाचून बरे वाटेल. वाटू द्या. माझा त्याच्यावरचा राग यामुळे तसूभरही कमी झालेला नाही. फक्त आता तो दोघांवर आहे.

लाकडी यंत्र अनुपमाने जाळू नये. शेडमध्ये समोर ठेवावे. यापुढे लाकडाच्या यंत्रावरही मोटार लागलेली आहे असे धरूनच माणसाला काम करू द्यावे. अडकले तर आधी दांडा काढून खिशात घालायचा, मग काडीने मोकळे करायचे. दर वेळी.

७. ~~सावखेड रस्त्यावरील माझी वीस गुंठे जमीन श्रीमती बेबीताई जायभाये यांना मिळावी.~~ हे कलम खोडले आहे. खोडणे माझे आहे, सही केली आहे. ही जमीन रुख्मिणीकडे जाईल. का खोडले ते लिहितो.

माझा शाळेपासूनचा मित्र, जिल्हा परिषद शाळेतील गणिताचा शिक्षक धम्मदीप इंगळे, याला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमले आहे. आज त्याच्यासमोर मी हे सगळे बेबीताईंना वाचून दाखवले. सातवे कलम ऐकून त्या म्हणाल्या, "वीस गुंठ्यात काय लावू भाऊ, बोटं?"

त्या पुढे म्हणाल्या, "सागरभाऊ म्हणतात बाईची चूक. तुमी म्हणता चूक तुमची. मले कोणी इचारलं का? जे तुमी लिहिलं ते खरं हाय, हे सांगणारी मी एकटीच हाव. मले खाली सही करू द्या."

धम्मदीप म्हणाला, "बेबीताई, साक्षीदाराला मिळकत घेता येत नाही. दोन्हीतलं एक ठरवा. सही दुसरं कोणीही करंल, जमीन सोडू नका."

"खोडा मंग जमीन."

मी म्हणालो, रागात नका खोडू. त्या म्हणाल्या, "राग तं हायच. पण जमीन घेतली का उद्या सागरभाऊ कोर्टात म्हणतील, बाईले वीस गुंठे भेटले म्हणून बोलून राह्यली. मंग हा कागद खोटा पडंल अन् ते चौदा उभेच राहतील. खोडा."

मी खोडले.

वरील सर्व मी वाचून, समजून, देवाला स्मरून लिहिले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पुढे बदलायचे झाल्यास पहिली सहा कलमे बदलणार नाही.

ठिकाण: देऊळगाव राजा
दिनांक: ९ जानेवारी २०२५

(सही) इंद्रभान श्रीपत वायाळ

इंद्रभान वायाळ यांनी आमच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) धम्मदीप नामदेव इंगळे, वय ४९, शिक्षक, देऊळगाव राजा

साक्षीदार २: (सही) बेबीताई सखाराम जायभाये, वय ४४, मजुरी, देऊळगाव राजा

टीप: दुसरी सही डाव्या हाताची आहे. धम्मदीपने अंगठ्यासाठी शाईचे पॅड पुढे केले होते, ते त्यांनी बाजूला सारले. आधी त्यांनी कोऱ्या कागदावर नऊ वेळा नाव लिहून पाहिले. दहावी सही वर आहे. वेळ लागला. आम्ही दोघे काही न बोलता बसून होतो.